बोक्याचं ‘सात दिवसांचं ट्रेनिंग’ आणि माझे ११,८९९ रुपये

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात खंडू हा बोका आला तो एका पावसाळ्यात, भिजून, ओट्यावरून थेट आत. तीनेक महिन्यांचा असेल. प्लास्टिकच्या जुन्या टबात माती भरली, जेवण झाल्यावर त्याला उचलून त्यात ठेवलं. त्याने उकरलं, बसला, झाकून टाकलं. माझं शिकवणं तिथेच संपलं. पुढचं दीड वर्ष एकदाही चूक नाही. ही एवढी गोष्ट वेळेवर आठवली असती तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

या हिवाळ्यात त्याने गादीवर शू केली. मग पायपुसण्यावर, मग बाथरूमच्या गार फरशीवर. थेंब थेंबच, पण वास असा की पाहुण्यांना हॉलमध्ये बसवायची लाज वाटे. मी मोबाइलवर दोन दिवस शोधाशोध केली आणि तिसऱ्या दिवशी जाहिरात समोर हजर: घरबसल्या कॅट ट्रेनिंग, सात दिवसांत फरक, नाहीतर पूर्ण पैसे परत. फी ४९९. सोबत सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. “बेन, चिंता ना करो.” त्याने मला काय विचारलं ते नीट ऐका. घर स्वतःचं की भाड्याचं? गादी केवढ्याची? मांजर विकत घेतलंय का? खंडू दिवसातून किती वेळा ट्रेमध्ये जातो, शू किती होते, रंग कसा आहे, यातलं एक अक्षर नाही. निदान मात्र दोन मिनिटांत: बोका तुम्हाला मालक मानत नाही, हट्ट करतोय.

मग २,८५० रुपयांचं ‘किट’. कुरिअरने आलं ते असं: किलोभर लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती, एक क्लिकर, म्हणजे दाबलं की टक् वाजणारी डबी, आणि लेबल नसलेली स्प्रेची बाटली, निलगिरीच्या तेलाच्या वासाची. खंडूने नको तिथे शू केली की नाक तिथे टेकवून ओरडायचं आणि क्लिकर वाजवायचा, गादीभोवती स्प्रे मारायचा, रात्री बाथरूममध्ये कोंडायचं. मला आता कळतंय की क्लिकर नेमका उलट वापरतात. मांजराने हवं ते केलं, त्याच क्षणी आवाज आणि लगेच खाऊ, तेही दोन-तीन मिनिटंच. रागावताना वाजवला तर मांजर फक्त त्या आवाजाला आणि तुम्हाला भ्यायला शिकतं. निलगिरीचं तेल तर मांजरांना विषारी. त्यांच्या यकृताला असली द्रव्यं नीट निचरता येत नाहीत. खंडूच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा फोनवरचा तो माणूस म्हणाला, “असर थाय छे.” म्हणजे परिणाम होतोय.

सासूबाई मात्र पहिल्यापासून म्हणत होत्या, “अगं, त्याला दुखतंय. बघ कसा कुंथतोय.” मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं! त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बाथरूमच्या दारापाशी पाट टाकून बसून राहिल्या. आतून खंडू ओरडत होता.

पाचव्या दिवशी शू पूर्ण बंद. ट्रेमध्ये जायचा, बसायचा, कोरडाच बाहेर. रात्री उलटी झाली. पहाटे रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढा टणक गोळा, तो मूत्राशय होता. मूत्रमार्गात खडे आणि चिकट गाळ अडकला होता. बोक्यांचा तो मार्ग फार अरुंद असतो म्हणून हे त्यांनाच जास्त होतं. शू पूर्ण अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून तीन दिवस ठेवावं लागलं.

बिल भरलं आणि रागाच्या भरात त्या माणसाला फोन लावला. तो चिडला नाही. “अरेरे” म्हणाला आणि लगेच रिफंड कबूल! किटचे २,८५० परत देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. रात्रभर जागी होते, डोकं चालत नव्हतं. टाकला. खात्यात जमा व्हायचे ते २,८५० गेले. तर म्हणे, सिस्टिमची चूक, आता दुप्पट रकमेचा कोड स्कॅन करा, सगळं एकदम येईल. ५,७०० गेले. बँकेतून निवृत्त झालेले माझे काका कपाळावर हात मारून म्हणाले, “पैसे घ्यायला कधी पिन लागतो का गं?”

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण दुपारी. काकांचं म्हणणं, पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासातच करायचा, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे नाहीत.

नवीन मांजर पाळणाऱ्यांनो, ट्रे रोज साफ, खाण्याच्या भांड्यापासून लांब, लिटर बिनवासाचं, दोन मांजरं असतील तर तीन ट्रे. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. नीट ट्रे वापरणारं मांजर अचानक बाहेर शू करायला लागलं, तर आधी पशुवैद्य गाठा. त्यांच्या नावापुढे पदवी आणि पशुवैद्यकांच्या कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो खुशाल विचारा. बोका कुंथतोय आणि काही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

खंडू आता ओलं खाणं खातो, पाणी घराच्या तीन कोपऱ्यांत ठेवलंय. ट्रे पुन्हा व्यवस्थित वापरतो. बाथरूमचं दार मात्र लोटलेलं दिसलं की अजून पलंगाखाली जातो, आणि मी बोलावलं तर येत नाही. सासूबाईंनी बोलावलं तर येतो.