स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन: दुकानात चार वर्षं वापरल्यावर

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं सेकंडहँड कॉम्प्युटरचं दुकान आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याहून, ऑफिसांतून निघालेल्या मशीनचे लॉट येतात. मी ती उघडते, धूळ काढते, एसएसडी घालते, विंडोज मारते आणि गिऱ्हाइकाला देते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शटरच्या वर गेलं. त्यात माझा मदरबोर्डबरोबर (मशीनमधल्या मुख्य बोर्डाबरोबर) मिळणाऱ्या ड्रायव्हरच्या सीड्यांचा पत्र्याचा डबा गेला. मशीनचा एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. बारा वर्षांत जमवलेल्या सीड्या, प्रत्येकीवर मार्करने बोर्डाचं नाव. मशीन परत घेता येतात, पण तो डबा चिखलातून काढून उघडला तेव्हा मी खाली बसले.

पुढचे दोन महिने शाळा, पतसंस्था, मेडिकलवाले, सगळ्यांना एकदम कॉम्प्युटर हवे होते. नेट कधी असायचं, कधी नाही. रत्नागिरीला माझ्यासारखंच दुकान चालवणाऱ्या मैत्रिणीने एक हार्ड डिस्क गाडीवाल्याबरोबर पाठवली आणि फोनवर म्हणाली, "यात स्नॅपीचा पूर्ण संच आहे गं, नेट लागणारच नाही." तेव्हापासून माझ्या दुकानातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर हे चालवलेलं आहे. म्हणून लिहिते आहे. त्यातही मुख्यतः आवाजाबद्दल लिहिणार आहे, कारण नेटवर्क आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर आजकाल विंडोज स्वतःच बऱ्यापैकी शोधतं. गिऱ्हाईक परत येतं ते आवाजासाठी.

आधी वस्तूची ओळख. हा प्रोग्रॅम मशीनमधले भाग ओळखतो आणि त्यांना लागणारे ड्रायव्हर आपल्या संचातून शोधून घालतो. हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो), ग्लेन डेलाहॉय यांनी जुन्या स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलरवरून पुढे नेलेलं आहे. नाव जवळजवळ सारखं असल्याने घोटाळा होतो, तेव्हा उतरवताना शेवटचा 'ओरिजिन' शब्द बघून घ्या. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरूनच चालतं. पहिल्यांदा उघडलं की विचारतं: सगळे ड्रायव्हर उतरवू, फक्त नेटवर्कचे, की कुठले ड्रायव्हर मिळतात याची नुसती सूची? घरच्या एका मशीनला सूची पुरते. दुकान असेल तर सगळे घ्या. माझा संच ४० जीबीच्या वर गेला आहे. टॉरेंटने उतरतो, मी रात्री लावून ठेवते. ६४ जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह लागतोच, आणि तो यूएसबी ३ चा घ्या, नाहीतर प्रत्येक मशीनमागे ताटकळत बसावं लागतं.

याआधी मी पैसे भरून घेतलेला एक ड्रायव्हर अपडेट करणारा प्रोग्रॅम वापरत होते. नाव लिहीत नाही. एक बटण दाबलं की तो दहा-पंधरा ड्रायव्हर बदलायचा. कुठला बदलला, का बदलला, काही कळायचं नाही. एका पतसंस्थेच्या चार मशीनवर नीट चालणारा आवाज त्याने बंद केला, आणि मी रात्री अकरापर्यंत तिथे बसून जुने ड्रायव्हर एकेक करून परत घातले. स्नॅपी असं अंधारात काही करत नाही. कुठल्या भागावर सध्या कुठला ड्रायव्हर आहे, त्याची तारीख, त्याची आवृत्ती, आणि संचात कुठला सापडला, हे शेजारी-शेजारी दाखवतं. ज्याच्यावर टिक कराल तेवढंच घालतं. घालण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागे नेता येईल अशी खूण) करायची टिक आहे, ती मी कधीही काढत नाही. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. निर्णय माझ्या हातात राहतो.

आता आवाज. मशीनमधला आवाज दोन थरांत असतो, आणि हे डोक्यात बसलं नाही तर कुठलंही साधन घ्या, उपयोग नाही. एक थर म्हणजे चिपसेटमधला (बोर्डावरच्या मुख्य चिपांमधला) ऑडिओ कंट्रोलर. दुसरा म्हणजे बोर्डावर मागच्या जॅकजवळ बसवलेली छोटी चिप, कोडेक. रिअलटेक, कोनेक्झंट, आयडीटी ही नावं कोडेकची. कंट्रोलर जागा झाल्याशिवाय विंडोजला कोडेक दिसतच नाही. नळपाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद असताना घरातली तोटी बदलत बसावं, तसं नुसत्या रिअलटेकच्या मागे लागणाऱ्याचं होतं. एक्सपीच्या काळात तर आधी मायक्रोसॉफ्टचा केबी८८८१११ हा बसचा, म्हणजे कंट्रोलरच्या थराचा, पॅच आणि मग रिअलटेक, असा क्रम पाळावा लागायचा. उलट केलं की सेटअप मधेच थांबायचा. माझ्या बुडालेल्या डब्यात त्या पॅचच्या तीन सीड्या होत्या.

स्नॅपीत मशीनच्या भागावर माऊस नेला की हार्डवेअर आयडी, म्हणजे त्या भागाचा ओळखीचा आकडा, दिसतो. हीच गोष्ट डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या टॅबखाली मिळते, पण इथे ती न शोधता समोर येते. तो आकडा वाचायला शिका. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४एफ१ कोनेक्झंट, १११डी आयडीटी, ८०८६ इंटेल. १००२ किंवा १०डीई दिसलं तर तो बहुधा ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आवाज आहे, स्पीकरचा नव्हे. आणि शेवटचा सबसिस हा तुकडा मशीन बनवणाऱ्या कंपनीचा असतो. एकच कोडेक दोन कंपन्या दोन तऱ्हांनी जोडतात. एकीने हेडफोन एका पिनवर दिलेला, दुसरीने दुसऱ्या. म्हणून स्नॅपीत एकाच चिपला चार ड्रायव्हर दिसले तर सर्वांत नवी तारीख बघून टिक करू नका. सबसिससकट पूर्ण आकडा जुळणारा घ्या, तारीख दोन वर्षांनी जुनी असली तरी. उजवं क्लिक केलं की बाकीचे पर्याय उघडतात.

जुन्या ऑफिस लॅपटॉपमध्ये याचा फार उपयोग होतो. आयडीटी आणि कोनेक्झंटच्या चिपा असलेले कितीतरी लॅपटॉप अजून लॉटमध्ये येतात. आयडीटीचा ऑडिओ धंदा २०१३ मध्ये विकला गेला, कोनेक्झंट २०१७ मध्ये सिनॅप्टिक्सने घेतली, त्यामुळे त्यांचे ड्रायव्हर शोधत फिरणं जिकिरीचं आहे. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर स्पीकर वाजतो आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण अशा लॅपटॉपला हेडफोन लावला तर स्पीकर चालूच राहतो, असं कितीदा तरी होतं. गिऱ्हाईक घरी जाऊन हेडफोन लावणार आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दारात. स्नॅपीच्या साउंडच्या पॅकमध्ये या दोन्ही घराण्यांचे ड्रायव्हर मला मिळत आले आहेत.

नव्या मशीनचं दुखणं वेगळं आहे. गुहागरकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी ऑनलाइन तासांसाठी लॅपटॉप नेला. इंटेलच्या दहाव्या पिढीचा, चांगला. तिसऱ्या दिवशी फोन. "ताई, मुलांचा आवाज मला येतोय, माझा त्यांना जात नाही." मी आधी विंडोजच्या प्रायव्हसीत माइक बंद आहे का ते बघायला सांगितलं. चालू होता. लॅपटॉप परत मागवला तेव्हा चूक आमचीच निघाली. या पिढ्यांत कंट्रोलरच्या जागी इंटेल स्मार्ट साउंड असतं, आणि आतला डिजिटल माइक कोडेकला नाही तर थेट चिपसेटला जोडलेला असतो. दुकानातल्या मुलाला 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'वर पिवळा त्रिकोण दिसला. त्याने हाताने विंडोजचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर बसवला. त्रिकोण गेला, स्पीकर वाजला, आणि माइक यादीतूनच नाहीसा झाला. तो साधा ड्रायव्हर काढला, आधी स्मार्ट साउंड घातलं, मशीन बंद करून चालू केलं, मग रिअलटेक. 'मायक्रोफोन ॲरे' दिसायला लागला. ड्रायव्हर स्नॅपीच्या संचात आधीपासून होते, फक्त दोन्हींवर एकदम टिक न करता मधे रीस्टार्ट घेऊन घातले. गुरुजींना माझ्या चुकीने तीन दिवस वर्ग घेता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर दुकानाचा नियम झाला: त्रिकोण गेला म्हणजे काम झालं असं म्हणायचं नाही.

स्नॅपीच्या मर्यादा इथेच आहेत. ते आकडे जुळवतं, त्याला कान नाहीत. नव्या रिअलटेक ड्रायव्हरबरोबर लागणारं ऑडिओ कन्सोल (आवाजाच्या सेटिंगचं ॲप) वेगळं मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावं लागतं, म्हणजे तेवढ्यापुरतं नेट हवंच. ऑफिसातून निघालेल्या मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ऑडिओच बंद केलेला असेल, तर यादीत साउंड कार्ड येतच नाही आणि नवखा माणूस ड्रायव्हर शोधत दिवस घालवतो. आधी बायोस बघा. डिस्प्लेचा ड्रायव्हर घातल्यावर आवाज मॉनिटरकडे वळतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसतात. हे तर आठवड्यातून एकदा होतं.

मागच्या मे महिन्यात जाखडीचे एक शाहीर डेस्कटॉप घेऊन गेले, गाणी घरी रेकॉर्ड करायला. पुढच्या जॅकला माइक लावला की काही नाही, मागच्याला लावला की ठीक. स्नॅपी म्हणत होतं ड्रायव्हर योग्य आहे, आणि ते खरंच होतं. कॅबिनेट जुनं, त्याच्या पुढच्या पॅनलची वायर एसी ९७ या जुन्या पद्धतीची. त्या वायरीतून 'पिन लागली' हा इशारा बोर्डाकडे जातच नाही. रिअलटेकच्या पॅनलमध्ये पुढच्या जॅकची तपासणी बंद करायची टिक केली आणि माइक सुरू झाला. शिवाय जॅकच्या आत हिरवं गंजलेलं होतं. आमच्याकडे दोन पावसाळे काढलेल्या प्रत्येक कॅबिनेटची हीच गत असते. तो जॅकच बदलून दिला. शाहिरांनी तिथेच उभं राहून गणाच्या दोन ओळी म्हटल्या, रेकॉर्ड केल्या, परत ऐकल्या, आणि पैसे मोजले.

आता माझी पद्धत अशी. फॉरमॅट मारण्याआधी मूळ विंडोज चालू होत असेल तर विंडोजमधल्याच पीएनपीयुटिलची एक्सपोर्ट-ड्रायव्हर कमांड देऊन त्यातले ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवते. सहसा त्याच मशीनला सर्वांत नेमके बसणारे ते असतात. नवीन विंडोजनंतर स्नॅपी: आधी चिपसेट, रीस्टार्ट, मग साउंड. मग एमएमसिस डॉट सीपीएल, म्हणजे विंडोजची आवाजाची खिडकी, उघडून डावा-उजवा स्पीकर वाजवायचा, हेडफोन लावून स्पीकर गप्प होतो का ते बघायचं, आणि माइकवर स्वतः बोलून ऐकायचं. गिऱ्हाईक मोबाइलचा हेडफोन वापरणार असेल तर त्याला तिथेच चार पट्ट्यांची पिन दाखवते. तिचा माइक डेस्कटॉपच्या गुलाबी जॅकमध्ये चालत नाही, वीस-पन्नास रुपयांची दुभाजक वायर लागते.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण संचाच्या आकारासाठी कापला. गावाकडच्या नेटवर एवढं उतरवणं प्रत्येकाला जमणारं नाही, त्यांनी जवळच्या दुकानदाराकडून प्रत करून घ्यावी. माझ्याकडे आलात तर मी पैसे घेत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर ऑफिसांतून जुनी मशीन आणखीच निघू लागली आहेत, तेव्हा ही प्रत अजून बरीच वर्षं लागेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी संच अपडेट करते. एक पेन ड्राइव्ह दुकानात टेबलाच्या खणात असतो. दुसरा घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर.