प्रतिक्रियाकाळ मोजायला साधा कीबोर्ड की बटणपेटी?

प्रबंधासाठी स्ट्रूप चाचणी (रंगाचे नाव त्याच किंवा वेगळ्या रंगात लिहून दाखवायचे आणि अक्षरांचा रंग ओळखायला सांगायचा) घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रश्न पडला आहे की, घरचा यूएसबी कीबोर्ड चालेल की प्रतिक्रियाकाळ मोजणारी खास बटणपेटी घ्यावी.

खर्चात कीबोर्ड अर्थातच स्वस्त. अचूकतेचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा. संगणक साध्या कीबोर्डकडे बहुधा सेकंदाला १२५ वेळा विचारणा करतो, म्हणजे कळ दाबल्याची नोंद ८ मिलिसेकंदांपर्यंत उशिरा होऊ शकते. शिवाय कीबोर्डच्या अंतर्गत प्रक्रियेचा विलंब वेगळा. चांगली बटणपेटी स्वतःच्या घड्याळावर वेळ नोंदवते, त्यामुळे ही अनिश्चितता जवळजवळ उरत नाही. तरीही एकाच व्यक्तीचे प्रतिसाद फेरीगणिक ५०-१०० मिलिसेकंदांनी सहज मागेपुढे होतात आणि त्यापुढे कीबोर्डची चलबिचल नगण्य ठरते. कायम सारखा राहणारा विलंब तर दोन स्थितींतील (शब्द आणि रंग जुळणे व न जुळणे) फरक काढताना आपोआप वजा होतो.

पडद्याचा दोष मात्र बटणपेटीनेही जात नाही. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो आणि ते वरून खाली रेखतो, म्हणून तळाशी दाखवलेला शब्द वरच्यापेक्षा उशिरा उमटतो. पडद्यावर प्रकाशसंवेदक चिकटवून हे एकदा तपासावेच, असा माझा आग्रह आहे.

मांडणीचे कष्ट बटणपेटीत थोडे अधिक.

स्थितींमधील फरक मोजायचा असेल आणि फेऱ्या भरपूर असतील, तर कीबोर्ड पुरेसा आहे. निरपेक्ष प्रतिक्रियाकाळ (फरक नव्हे, प्रत्यक्ष लागलेला वेळ) हवा असेल, वेगवेगळ्या संगणकांवरील गटांची तुलना करायची असेल किंवा प्रतिसादाची सांगड मेंदूलहरींच्या नोंदीशी घालायची असेल, तर बटणपेटीच घ्यावी.