जुन्या मॅकची डिस्क ‘गेली’ म्हणण्याआधी पैठण गेटला दाखवा

संभाजीनगरात पैठण गेटजवळच्या गल्लीत एका चाचांचं छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची स्कझी (SCSI, यंत्रं एकापुढं एक जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्क तुमच्याकडे पडून असेल, तर आधी तिथं न्या.

माझी डिस्क जालन्यातल्या डीटीपीच्या दिवसांतली. शाळांच्या स्मरणिका, पत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल, सगळं तिच्यात. दुसरीकडे दाखवली तर ‘डेटा गेला, विसरा’ म्हणाले. चाचांनी ती उघडलीसुद्धा नाही. आधी मागचा आयडीचा आकडा, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा वेगळा नंबर, बघितला, तो होता 0. मॅकच्या आतली डिस्क बहुधा 0 वरच असते, खुद्द मॅक 7 वर. दोन डिस्कना एकच नंबर असेल तर मशीन सुरू कसं होणार? त्यांनी तो 4 केला.

मग टर्मिनेटर, म्हणजे तारेच्या टोकाला सिग्नल शोषून घेणारं बूच. डिस्कच्या मागं 50 पिनांची दोन सॉकेटं असतात. एकात केबल, दुसरं माझ्याकडे उघडंच. तार तिथं संपते, पण सिग्नल थांबत नाही; टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. म्हणून बारकी फाइल निघते आणि मोठी काढताना मशीन अडकतं. चाचांनी त्या सॉकेटात टर्मिनेटर लावला आणि डिस्क पडद्यावर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

डेटा काढायला त्यांनी पुढं झिप ड्राइव्ह (100 एमबीच्या काढता-घालता येणाऱ्या डिस्कचा) जोडला. आता शेवटचं टोक झिपचं, म्हणून डिस्कवरचा टर्मिनेटर काढला आणि झिपचा बटणावरचा चालू केला. ‘साब, दोनो सिरे बंद होना, बीच में नै,’ एवढंच म्हणाले. मॅककडचं टोक आतल्या डिस्कवर बंद असतं. केबल लावताना सगळं बंद, मग आधी डिस्क चालू, नंतर मॅक, हा क्रम ते गिऱ्हाइकाकडून करून घेतात. मॅकचं 25 पिनांचं सॉकेट प्रिंटरच्या पोर्टसारखंच दिसतं, पण तिथं प्रिंटर जोडला तर नुकसान होऊ शकतं, हेही बजावतात.

800 रुपये घेतले, मला ते रास्त वाटले. त्यांच्याकडे टर्मिनेटर 220 आणि 330 ओमचे साधे पॅसिव्हच, म्हणजे नुसत्या रेझिस्टरचे, आहेत. एक-दोन यंत्रांना ते पुरतात. लांब साखळीला मी ॲक्टिव्हच, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे, मागेन. सगळ्या केबली मिळून 6 मीटरच्या आत हव्यात, तेव्हा उगाच लांब घेऊ नका.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. केबल आणि डिस्कचा ॲडॅप्टर घरून न्या, ते विकत नाहीत. 1986 चा मॅक प्लस असेल तर आधीच सांगा: तो टर्मिनेटरला वीज पुरवत नाही, ती बाहेरच्या डिस्ककडूनच यावी लागते.