ओपिऑइड ओव्हरडोसचं प्रशिक्षण: डॉक्टर-नर्सनी करावं का?

आधी निकाल सांगते: कोर्स जरूर करा. ओव्हरडोसचा भाग फार चांगला घेतलाय. व्यसनाच्या उपचारांचा भाग मात्र घाईत उरकलाय, आणि ते मला खटकलं. मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी काम करणारी वेदनाशामकं, आमच्या कपाटातली रोजची औषधं, त्यामुळे हे सगळं वॉर्डाच्या बाजूने लिहिलंय. कॅज्युअल्टीत किंवा ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या वाटतील.

धडे ऑनलाइन आहेत, ड्युटी सांभाळून बघता येतात. त्यानंतर मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) प्रात्यक्षिक आणि शेवटी परीक्षा. प्रात्यक्षिकाला डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवतात. पेशंट बिघडतो तेव्हा हेच लोक एकत्र असतात, मग शिकताना वेगळे का बसवायचे?

ओव्हरडोसची तीन लक्षणं सगळ्यांना पाठ असतात: डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंदावलेला श्वास आणि हलवूनही न उठणारा पेशंट. शिकवणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमनी बराचसा वेळ श्वासावर दिला आणि योग्यच केलं. सोबत दुसरं काही घेतलेलं असेल किंवा मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल, तर बाहुल्या मोठ्याही दिसू शकतात. श्वासाची गती मिनिटाला १२ च्या खाली आली, तर तिथेच थांबून बघायला हवं. आता आपल्या चार्टवर काय असतं? ओळीने १८, १८, २०, १८. हे आकडे कसे भरले जातात ते वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे छातीवर हात ठेवून, घड्याळ लावून, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला लावतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण मंद आणि अनियमित श्वासात तिथेच चूक होते.

एक व्हिडिओ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ऑपरेशननंतरचा पेशंट, नाकाला ऑक्सिजन, मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९७ टक्के. बघणारे सगळे निर्धास्त. मग कॅमेरा छातीवर येतो आणि मिनिटाला जेमतेम ७ श्वास दिसतात. ऑक्सिजन चालू असला की सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असेल तर तो आधी कळतो, नसेल तर आपले डोळे हेच साधन. त्याच व्हिडिओत पेशंट जड, घरघर करत घोरतोय आणि नातेवाईक म्हणतात, ‘आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका.’ हे वाक्य मी प्रत्यक्षात इतक्यांदा ऐकलंय की तिथे पोटात कालवलं. ते घोरणं म्हणजे जीभ मागे पडून अडलेला श्वासमार्ग असू शकतो, हे नातेवाइकांना आधीच समजावून सांगायला हवं. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) असलेल्यांच्या, झोपेच्या गोळ्या किंवा नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन चालू असलेल्यांच्या आणि किडनी मंदावलेल्या पेशंटच्या घरच्यांना तर नक्कीच.

नॅलोक्सोनचं, म्हणजे ओपिऑइडचा असर उलटवणाऱ्या औषधाचं, प्रात्यक्षिक नेमकं होतं. आधी ॲम्ब्यू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास द्या, मग औषध. ०.४ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल सलाइनने १० मिलिलिटर करायची, म्हणजे दर मिलिलिटरला ०.०४ मिलिग्रॅम. मग थोडं थोडं देत श्वास बघायचा. पेशंट ताडकन उठून बसावा हा हेतू नाही, तो नीट श्वास घेऊ लागला की पुरे. नेहमी ओपिऑइड घेणाऱ्याला एकदम मोठा डोस दिला तर तीव्र विड्रॉवल, म्हणजे औषध एकदम तुटल्याचा त्रास, सुरू होतो: उलट्या, घाम, तगमग, आणि मग तो उठून निघून जातो. इथेच खरा धोका आहे. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोनसारखी ओपिऑइडं किंवा लांब असर असणाऱ्या गोळ्या त्याहून कितीतरी जास्त वेळ शरीरात राहतात. पेशंट बोलायला लागला म्हणून मॉनिटर काढायचा नाही, हे त्यांनी मॅनिकिनला पुन्हा ‘बेशुद्ध’ करून दाखवलं. हा प्रसंग आमच्या गटाला चांगला लक्षात राहील.

फेंटानिलच्या पॅचबद्दल (त्वचेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल) मात्र त्यांनी पाच मिनिटंच दिली. खरं तर पेशंट सुस्त दिसला की कपडे बाजूला करून पाठ, दंड, खांदे तपासायला हवेत. जुना पॅच न काढता नवा लावलेला सापडतो. ताप किंवा गरम पाण्याची पिशवी यामुळे पॅचमधून औषध जास्त वेगाने आत जातं. आणि पॅच काढल्यावरही त्वचेत साठलेलं औषध तासन्‌तास रक्तात उतरत राहतं. हे सगळं मॅनिकिनला पॅच चिकटवून सहज शिकवता आलं असतं.

आता व्यसनाचा भाग. सुरुवात चांगली आहे. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या पाच वाक्यांच्या पत्राची गोष्ट ते सांगतात. ते पत्र हॉस्पिटलात भरती असलेल्या पेशंटबद्दल होतं, पण पुढे शेकडो लेखांनी त्याचा आधार घेऊन ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं असं लिहिलं. डॉक्टरांची पिढीच्या पिढी त्यावर विसंबली. कॅन्सरच्या पेशंटचं शरीर मॉर्फिनला सरावणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही स्पष्ट केलंय. याबद्दल मी त्यांचे आभार मानते. व्यसनाच्या भीतीने वेदनेत तळमळणाऱ्याचा डोस अडवणं हीसुद्धा हानीच आहे. जुन्या पेशंटच्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत, हेही बजावलंय.

पण पुढे काय? ओपिऑइडच्या व्यसनावर दिली जाणारी मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती चालू ठेवल्याने मृत्यू लक्षणीय कमी होतात. एवढ्या मोठ्या विषयाला एकच धडा, तोही स्लाइड वाचून दाखवत. बुप्रेनॉर्फिन विड्रॉवलची लक्षणं दिसू लागल्यावरच सुरू करायचं, लवकर दिलं तर त्रास वाढतो, हे एका ओळीत संपवलं. लक्षणं मोजायची कशी, पहिला डोस कोण देणार, पेशंटला पुढे कुठे पाठवायचं, काहीच नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाच्या शरीराची औषधाला झालेली सवय उतरलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो. पहिले काही आठवडे म्हणूनच जीवघेणे असतात. हे शिकवायला स्वतंत्र प्रसंग हवा होता. ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होऊ शकतो अशा घरच्यांच्या हाताशी नॅलोक्सोन असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सुचवत आलीय, त्याचाही फक्त उल्लेख.

आयोजकांना माझी विनंती आहे: परीक्षेतले रिसेप्टरचे (औषध शरीरात कुठे चिकटतं त्याचे) प्रश्न कमी करा आणि त्या वेळात पेशंटशी बोलण्याचा सराव घ्या. ‘गोळ्या ठरलेल्यापेक्षा जास्त लागतात का?’ हे दरडावल्यासारखं न विचारता कसं विचारायचं, ते आमच्या नव्या मुलींना कुणी शिकवत नाही. तुम्ही जाणार असाल तर तुमच्या वॉर्डातला रेसिडेंट आणि फार्मासिस्ट यांना सोबत घेऊन जा. नॅलोक्सोन कुठे ठेवायचं, रात्री कपाटाची किल्ली कुणाकडे असेल आणि डायल्यूशनचा (औषध किती पातळ करायचं त्याचा) कागद ट्रॉलीवर कोण लावणार, हे तिथल्या तिथे ठरवता येतं. आम्ही तसंच केलं.