झुरळांचं जेल: फवारणीपेक्षा कितीतरी बरं, पण नीट लावलं तरच

पुण्यात झुरळं फार झाली की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून सगळं स्वयंपाकघर फवारून घ्यायची पद्धत आहे. ते औषध ओट्यावर, मांडणीवर आणि बाळ रांगतं त्या फरशीवर उतरतं. जेल, म्हणजे झुरळांनी खावं म्हणून फटींत ठिपक्यांनी लावायचं विषारी आमिष, याहून खूपच उजवं. घरात तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर फवारणीचा विचारही करू नये.

हिशेब मांडून पाहा. 0.05% फिप्रोनिल (कीटकनाशक) असलेल्या जेलचे तुरीच्या दाण्याएवढे 50 ठिपके म्हणजे साधारण 5 ग्रॅम. त्यात मूळ विष अवघं 2.5 मिलिग्रॅम. 0.1% तीव्रतेचं एक लिटर औषध फवारलं, तर घरात 1,000 मिलिग्रॅम पडतं. वजनाला वजन लावलं तर फिप्रोनिल जास्त जहाल आहे, हे खरं. पण ते फटीत बसून राहतं, श्वासात जात नाही.

सगळी मेख लावण्यात आहे. झुरळ कडेकडेने, अंधारातून चालतं, म्हणून ठिपके ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत आणि रुळांच्या मागे, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या बुडाशी द्यावेत. कॉम्प्रेसरवर किंवा शेगडीलगत नको, उष्णतेने जेल वाळून खडा होतो. आदल्या दिवशी ओशट थर साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. रात्री सिंकमध्ये खरकटं राहिलं, तर झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत.

आणि जेल लावल्यावर स्प्रे, खडू, फिनेल यांतलं काहीही त्या जागी वापरू नये. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. स्प्रेच्या वासाने झुरळं ती वाट सोडतात आणि जेल तसंच पडून राहतं. दोन-तीन दिवसांनी भर दिवसा लडखडणारी झुरळं दिसली की घाबरून स्प्रे हातात घेतला जातो. खरं तर ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. मेलेल्यांना आणि त्यांच्या विष्ठेला खाऊन बाकीचीही मरतात. मात्र मादीजवळच्या अंडीकोशात 30 ते 40 अंडी असतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी वाळलेले ठिपके खरवडून दुसरा हात द्यावाच लागतो. ताजं जेलही कोणी खात नसेल, तर त्यातला गोडवा टाळणारी झुरळं तयार झाली असू शकतात. मग वेगळं जेल आणावं, उदाहरणार्थ 2.15% इमिडाक्लोप्रिडचं.

माणूस बोलावणार असाल, तर ट्यूब आपल्यासमोर उघडायला सांगा. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण हवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ‘हर्बल’ या शब्दावर जाऊ नका, औषधाचं नाव विचारा. बिनलेबलच्या बाटलीतलं उग्र वासाचं औषध घरात येऊच देऊ नका. नुवान म्हणून ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस आपल्याकडे 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे.

हातमोजे घाला, कुत्र्या-मांजराची जीभ पोहोचेल तिथे ठिपका देऊ नका. उरलेलं जेल सिंकमध्ये धुऊ नका. फिप्रोनिल माशांना घातक आहे.

हे सगळं लहान, तपकिरी झुरळांसाठी. पेठांतल्या जुन्या वाड्यांत ड्रेनेजमधून वर येणाऱ्या मोठ्या लालसर झुरळांवर एकट्या जेलने भागत नाही. तिथे नहाणी ट्रॅपवर (मोरीतलं पाणी ड्रेनेजला जातं त्या भोकावर) बारीक भोकांची स्टीलची जाळी घट्ट बसवावी. रविवार पेठेत बोहरी आळीत माप देऊन घेता येते. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वाट मोकळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे दोन तांबे पाणी ओतावं.