बल्क की सिंगल-सेल: बीटा पेशी का हरतात हे कशाने कळेल?

टाइप २ डायबेटिसमध्ये बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मरतात की जिवंत राहून काम विसरतात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण विसरल्या असतील तर त्यांना परत कामाला लावायची आशा उरते. २०१२ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या डोमेनिको अचिलींच्या टीमने उंदरांच्या बीटा पेशींमधला फॉक्सओ१ जीन काढला, आणि वय किंवा बाळंतपणाचा ताण आल्यावर बऱ्याच पेशी मेल्या नाहीत, ओळखच हरवून बसल्या, काही तर ग्लुकागॉन, म्हणजे अल्फा पेशींचं साखर वाढवणारं हार्मोन, बनवायला लागल्या.

माणसात हे बघायचं कसं? आरएनए सिक्वेन्सिंगने कुठले जीन्स किती चालू आहेत ते वाचतात. बल्क पद्धतीत आयलेट्स, म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके, अख्खे वाचतात. स्वस्त पडतं, जास्त डोनर (ज्यांचे आयलेट्स मिळतात ती माणसं) घेता येतात, कमी चालू असलेले जीन्सपण दिसतात. पण इन्सुलिनचा आरएनए घटला तर बीटा पेशी कमी झाल्या का प्रत्येक पेशी कमी बनवतेय हे कळतच नाही, सरासरी ना ती.

सिंगल-सेलमध्ये एकेक पेशी वेगळी वाचतात, म्हणून आयलेटमधल्या अल्फा, बीटा, डेल्टा पेशी वेगवेगळ्या दिसतात, २०१६ मध्ये माणसांच्या आयलेट्सवर असे बरेच अभ्यास आले. मात्र कमी चालणारे जीन्स निसटतात, पेशी सुट्या करतानाच त्यांना ताण बसतो, आणि फुटलेल्या बीटा पेशीतला आरएनए शेजारच्या थेंबात (वाचण्यासाठी एकेक पेशी वेगळ्या थेंबात ठेवतात) शिरला की अल्फा पेशीच इन्सुलिन बनवतेय असं वाटतं, आणि नेमकं तेच तर आपण शोधत असतो!

तरी ओळख हरवण्याच्या प्रश्नाला मी सिंगल-सेलच निवडेन, फक्त पेशी किती हजार यापेक्षा डोनर किती हे आधी बघेन.