ओटागो की ॲलेगेनी: कॅमेरा घेऊन कुठल्या रेल-ट्रेलवर जावं?

रूळ काढून टाकलेल्या रेल्वेमार्गावरून चार-पाच दिवस सायकल चालवत, फोटो काढत जायचं ठरलं असेल तर माझ्या मते विचार करण्यासारख्या वाटा दोन. एक न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल रेल ट्रेल, क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. दुसरी अमेरिकेतली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत, सुमारे २४० किलोमीटर. नुसती सायकल चालवायची असेल तर डोळे मिटून कुठलीही निवडा. गळ्यात कॅमेरा आला की मात्र फरक पडतो, आणि बराच पडतो.

ओटागोवर झाडी तुरळक. पिवळं गवत, उघडे दगड, लांबवर डोंगराची रांग आणि मध्ये प्रचंड रिकामी जागा. फोटो वाटेत नसतो, वाटेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ॲलेगेनीवर याच्या उलट. तिथे कित्येक तास तुम्ही दाट रानातून जाता, डोक्यावर फांद्यांची कमान, एका बाजूला नदी. सायकलवर सुख, पण दुपारी घरी पाठवायला काढलेले वीस फोटो बघा, वीसही सारखे दिसतील. हिरव्या कमानीतून जाणारी सरळ वाट एकदाच छान दिसते.

म्हणून ॲलेगेनीवर नजर बांधकामांवर ठेवायची. मायर्सडेलजवळचा सॉल्सबरी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा जुना रेल्वेपूल, ५८० मीटरहून लांब आहे. मोठ्या पुलांची गंमत अशी की पुलावर उभं राहिलं की पूलच दिसत नाही. तो हवा असेल तर खालच्या रस्त्यावर उतरा. वर राहायचं असेल तर थोडी वाट बघा, कारण खालून चालू रेल्वेमार्ग जातो आणि मालगाडी आली की वरून तिची पूर्ण रांग फ्रेममध्ये येते. जुन्या रेल्वेच्या पुलावरून नव्या रेल्वेचा फोटो! पुढे कंबरलंडच्या बाजूला बिग सॅव्हेज बोगदा लागतो, जवळजवळ एक किलोमीटर लांब, आत दिवे. या बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी झाडी एकदम हटते आणि डोंगरांच्या एकामागून एक कडा दिसतात. सगळ्या वाटेवरचा मोकळा देखावा म्हणाल तर हाच.

ओटागोतली बांधकामं आकाराने लहान, पण फोटोला जास्त चांगली. १८९१ मध्ये मिडलमार्चला आलेली ही रेल्वे क्लाइडला पोचायला १९०७ उजाडलं. किती सावकाश, हाताने दगड रचत काम झालं असेल ते पूलबर्नच्या घळीत कळतं. तिथला पूल ३७ मीटर उंच, खांब तिथल्याच शिस्ट या थरांच्या दगडाचे. खांबावर उन्हाची तिरीप आडवी पडली की दगडाचे पातळ थर एकेक करून मोजता येतात. ऊन डोक्यावर आलं की तोच खांब सपाट करडा दिसतो. शेजारच्या दोन बोगद्यांत दिवे नाहीत, बॅटरी न्यावीच लागते. आतून तोंडाकडे बघत फोटो काढताना मोबाइल हमखास फसतो: बाहेरचं सगळं पांढरंफटक किंवा भिंत काळीकुट्ट. एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड आत घेतो ते) बाहेरच्या उजेडावर धरा, भिंत काळी राहू दे, सायकलस्वाराची आकृती नुसती कापून ठेवल्यासारखी उमटते.

आणखी एक गोष्ट उत्तर गोलार्धातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. ओटागोत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिणेकडे बघून फोटो काढलात तर ऊन पाठीशी, उत्तरेकडे वळलात तर लेन्समध्ये. डिसेंबरात तिथे रात्री नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो, त्यामुळे जेवून पुन्हा बाहेर पडता येतं. ॲलेगेनीच्या रानात तो संध्याकाळचा सोनेरी उजेड जमिनीपर्यंत पोचतच नाही.

दिशेबद्दल माझं मत जरा हट्टी आहे: जिथे फोटो चांगले, तो भाग चढावर यावा. रेल्वेचा चढ तो किती असणार! कंबरलंडकडून चढतानाही पावणेदोन टक्क्यांच्या वर जात नाही. पण तेवढ्यानेही वेग कमी होतो आणि थांबायला जीवावर येत नाही. उलट उतारावर सायकल अशी सुटते की ‘पुढच्या वळणावर थांबू’ म्हणता म्हणता दहा किलोमीटर निघून जातात. म्हणून ॲलेगेनी कंबरलंडहून सुरू करा. पहिल्या ३८ किलोमीटरांतच सर्वोच्च बिंदू, ७२९ मीटर, आणि बिग सॅव्हेजही. ओटागो क्लाइडहून सुरू करा, म्हणजे पूलबर्न चढावर येतं. सर्वांत उंच जागा, ६१८ मीटर, वेडरबर्नजवळ. चित्रकार ग्रॅहम सिडनी यांच्या चित्रामुळे नाव झालेलं तिथलं हिरवं पत्र्याचं गुदाम सगळेच टिपतात. तुम्हीही टिपा, लाजायचं कारण नाही.

सामानाचा हिशेब यावरूनच ठरतो. ॲलेगेनीला चांगला मोबाइल आणि फार तर कमी उजेडात चालणारी एक लहान लेन्स पुरे. ओटागोला खरा कॅमेरा न्या, टेलिफोटो म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्ससकट. वाटेवरून दिसणाऱ्या हॉकडन डोंगररांगेचा सपाट माथा मोबाइलच्या वाइड लेन्समध्ये नखाएवढा दिसतो. लांबच्या लेन्सने ओढला की समोरच्या शेताच्या कुंपणामागे भिंतीसारखा उभा राहतो. लेन्स बदलायची ती मुक्कामावर. ओटागोत धूळ उडते, ॲलेगेनीवर चुनखडीची बारीक खडी पावसात भिजून पांढरा राडा होते आणि तो झूमच्या कड्यात जाऊन बसतो. कॅमेरा पाठीवर नको, हँडलबारच्या पिशवीतच हवा, एका हाताने निघेल असा.

माझा कौल एकंदरीत ओटागोला, खासकरून एप्रिलमध्ये. तिथे तेव्हा शरद ऋतू असतो आणि गावांजवळची झाडं पिवळी पडतात. अपवाद एकच: ऑक्टोबरात सुट्टी मिळत असेल तर ॲलेगेनी. एरवी एकसुरी वाटणारं तेच रान तेव्हा लाल-केशरी होतं आणि नदीत त्याचं प्रतिबिंब पडतं. वाटेवरच्या ओहायोपाइल गावाच्या पुलांवर अर्धा दिवस काढला तरी कमी पडेल. हिवाळ्यात मात्र तिकडे फिरकू नका, बिग सॅव्हेज बोगदा बंद ठेवतात. ओटागोचा हिवाळाही सोपा नाही. वाटेपासून जवळच असलेल्या ओफिर गावात १९९५ च्या जुलैत पारा उणे २१.६ अंशांवर उतरला होता. अशा थंडीत कॅमेऱ्याची जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी लागते.

परतीचं गणितही बघा. ओटागोवर सायकल आणि सामान नेणाऱ्या गाड्या मिळतात. ॲलेगेनीला पिट्सबर्ग आणि कंबरलंड यांच्यात ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेची गाडी आहे, तिच्यात सायकल चढवता येते. पण जागा मोजक्याच, तेव्हा सायकलचं आरक्षण आधी आणि मुक्कामाचं नंतर.